एका ठिपक्याची जागा

सोसायटीच्या ग्रुपवर आधी पाण्याची टाकी धुण्याचा निरोप आला आणि त्याच्या खाली लीनाताई गेल्याचा. मी बावळटासारखी टाकीचाच निरोप दोनदा वाचला... दुसऱ्यावर नजर ठरेना. सानपाड्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही दोघी बावीस वर्षं समोरासमोर राहिलो. स्टेशनजवळ त्यांचं ब्यूटी पार्लर होतं. चेहरा चिनी, जन्म आसामातला आणि मराठी अशी, की कोणी नवा भाजीवाला "मॅडम, किधर से?" म्हणाला की फाडकन उत्तर यायचं, "समोरच्या बिल्डिंगमधून. आनि मेथी कालपन महाग लावलीस तू!"

दिवाळीत मात्र आमचं वाजायचं. रांगोळी हा माझा प्रांत. सोसायटीची स्पर्धा भरवणारी मी, परीक्षकही मीच, आणि आगाऊपणा तर अंगातच. लीनाताई दरवर्षी दाराशी ठिपके घालायच्या आणि तिथेच थांबायच्या. रेष नाही, रंग नाही, नुसत्या पांढऱ्या ओळी. त्यातही तिसऱ्या ओळीत एक ठिपका गायब! ठिपक्यांसाठी त्यांनी जाड खाकी कागदाला उदबत्तीने भोकं पाडली होती, त्यातच एक राहून गेलेलं. "अहो, जोडा की ते! निदान कमळं तरी काढा!" मी दरवर्षी कटकट करायची. त्या हसायच्या. "राहू दे ना, शुभा."

एका वर्षी त्यांची कंबर धरली होती, म्हणून वसुबारसेच्या सकाळी मी तो कागद मागून घेतला. उपकार करायची हौस दांडगी! राहिलेलं भोक उदबत्तीने पाडलं, ठिपके घातले, जोडले, झकास कमळं काढली आणि ऐटीत बेल वाजवली. लीनाताई दारात आल्या. कंबर धरून खाली बसल्या आणि तिसऱ्या ओळीतल्या त्या ठिपक्यावर त्यांनी तळहात ठेवला. "इथे माझी आजी होती," म्हणाल्या.

मला काही कळेना. मग आत नेऊन, चहा टाकता टाकता त्यांनी सांगितलं. बासष्टचं चीनचं युद्ध झालं तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. चिनी वंशाचे म्हणून अख्खं घर उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. "लहानपनी आमी देवळीत होतो," असं त्या पूर्वीही म्हणाल्या होत्या, आणि मी शहाणी, वर्ध्याजवळची देवळी समजून "मग संत्री भरपूर खाल्ली असतील!" म्हणाले होते. छावणीत रोज सकाळी सगळ्यांना रांगांमध्ये उभं करून मोजायचे. त्यांचे ठिपके म्हणजे ती उभी माणसं. तिसऱ्या ओळीत आजी आणि तिचा हात धरून लीनाताई. आजारी पडून आजी तिथेच गेली. "दुसऱ्या दिवशी बाजूचा मानूस तिच्या जागेवर सरकायला लागला ना, मी त्याला सरकू नाय दिला. एवढी रडले..." त्यांनी चहा गाळून कप माझ्यापुढे ठेवला. "पन मी गेले की कोनीतरी भरूनच टाकेल बघ ती जागा."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी हुंदके देत माफी मागत होते, आणि त्यांनी काय करावं? मी पाडलेल्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि वर मलाच बिस्किटं खायला घातली.

त्या गेल्यावर महिन्याभराने त्यांची मुलगी फ्लॅट आवरायला आली. जाताना तिने घडी घातलेला तो खाकी कागद माझ्या हातात ठेवला. "मावशी, मम्मी म्हणायची, हा शुभाला दे. आता ती नाही चुकायची." चिकटपट्टी पिवळी पडलीये, पण घट्ट आहे.

काल वसुबारस. लीनाताईंच्या बंद दारासमोर बसले, कागद अंथरला, रांगोळी पसरली, अलगद कागद उचलला. रेषा ओढायला बोटं शिवशिवत होती, खोटं कशाला सांगू! तेवढ्यात वरच्या मजल्यावरची नवी सून जिना उतरत आली. "काकू, एक राहिला बघा," असं म्हणत तिने वाकून चिमूट भरलीसुद्धा. मी तिचा हात धरला.

"राहू दे गं. तिथे लीनाताईंची आजी उभी असते."