ऐलीची काठी

सरोवरावरून वारं सुटलं की त्या गावात बर्फ पडत नाही, कोसळतो. म्हणून म्हातारा एइनो दरवर्षी हिवाळ्याआधी बर्फाखाली काय दडलंय ते कळावं म्हणून गावभर उंच लाल काठ्या रोवायचा, कुणाच्या अंगणाच्या कडेला, कुणाच्या टपालपेटीशी. तीस वर्षं त्यानं बर्फ काढायचा ट्रक चालवला होता, पण एकही पेटी पाडली नव्हती. यंदा साऱ्या गावाच्या काठ्या झाल्या आणि बायकोच्या, ऐलीच्या कबरीची तेवढी राहिली. मेल्या सरोवरानं नोव्हेंबरातच बर्फ ओतून कबरस्तान गिळलं.

नाताळच्या आदल्या दुपारी कबरीवर मेणबत्ती लावायची त्यांची रीत. एइनोनं फाटकापासून पावलं मोजली आणि छातीएवढा बर्फ खणला. दगड लागला. हातमोज्यानं पुसला, तर नाव निघालं इम्पी कोस्की. ऐलीची जन्मभराची शेजारीण, आणि आता कबरीतलीही! एका करपलेल्या पावावरून दोघींचा वीस वर्षं अबोला होता.

“बाबा, पुरे आता,” मुलगी एलेन म्हणाली. “दिवस बुडाला. उद्या येऊ.”

“उद्या उद्या करतच काठी राहिली ना!”

त्यानं पुन्हा फावडं उचललं, पण हात उठेनात. वरून नवा बर्फ भुरभुरू लागला. शेवटी त्यानं मेणबत्ती तिथंच, खड्ड्यात लावली.

“इम्पे,” तो वाकून म्हणाला, “आता तरी तोंड उघड, बाई. शेजारी ऐलीला हाक मार. म्हणावं, एइनो आला होता. वाट चुकला.”