भोरड्यांपुढे ड्रम

रॉक ड्रमर म्हणून माझा पहिला जाहीर कार्यक्रम भोरड्यांपुढे झाला. हजार-दोन हजार पाखरं होती, सगळी फुकटात जेवायला आलेली!

त्याचं असं झालं, आमच्या कुरुंद्याला हळद काढायचे दिवस. रानात ज्वारी भरलेली आणि पाखरं हाकायला माणूस मिळेना. इकडे मी कुठूनसा आणलेला जुना ड्रमसेट घरात बडवत होते. (त्यानं म्हैस आटली, असा शेजारच्या काकूंचा आरोप होता. म्हशीची स्वतःची काही तक्रार नव्हती.) अण्णा वैतागले.

"पोरी, ज्वारी राखली तं हे डबडं घरात ऱ्हाईल. न्हाई तं उद्याच भंगारात!"

"राखते की! एक पाखरू टिकलं तर तुमचं नाव लावणार न्हाई!"

ट्रॅक्टरमधून ड्रम रानात नेला, राखणीच्या माळ्यावर चढवला आणि पहिलाच दणका असा दिला, की आख्खा थवा आभाळात! मी खूश. मग जो वेग धरला, विचारू नका. रॉक म्हणजे जोर आणि वेग, एवढीच माझी अक्कल.

थोड्या वेळानं आई भाकरी घेऊन आली आणि कमरेवर हात ठेवून उभीच राहिली.

"अगं, पाखरं काहून बसून राहिली?"

बघते तर काय! भोरड्या परत येऊन कणसांवर निवांत बसलेल्या. माझ्या एकसारख्या ठोक्यांची त्यांना सवय झाली होती. काही तर तालावर दाणे टिपत होत्या!

"तू त्यंला हाकलून राहिली, का जेवायला वाढून राहिली?"

मी चिडून आणखी जोर केला, तशी हातातली काठी निसटून ज्वारीत गेली. ड्रम बंद! त्या अचानक शांततेनं भोरड्या दचकल्या. माना वर! आईनं काठी वर फेकली, मी एकच ठोका हाणला. भुर्रर्र! थवा पसार! परत आल्या की मी गप्प. आता काही न्हाई, असं त्यांना वाटलं की धाड! पुढचा ठोका कधी पडेल हे मलाच माहीत नव्हतं, त्यांना काय कळणार!

संध्याकाळी अण्णा हळदीच्या रानातून आले; तिथवर माझा ड्रम दिवसभर ऐकू जात होता. बांधाकडची पट्टी साफ (माझा जोर आणि वेग!), बाकी रान भरलेलं. अण्णांनी कणसं चाचपली, ड्रमकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ दे घरात," म्हणाले. "तू थांबती ना, तवा लई बराबर वाजवती."

आज आमचा बँड नांदेड-परभणीला वाजतो. लोक येऊन सांगतात, "ताई, तुमच्या थांबण्यात जादू आहे!" त्या भोरड्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, गुरुदक्षिणा त्यांनी अण्णांच्या रानातून परस्पर नेलीच. फक्त लोकांचं हे कौतुक ड्रमचं की शांततेचं, हे विचारायची हिंमत अजून होत नाही!