पाण्याबाहेर धरलेली शार्क

बोटवाले काका एरवी शांत माणूस, पण मेहुण्यासमोर त्यांना उगाच मिरवावंसं वाटे. मेहुणा पडला जिभेचा तिखट. "दाजी, माशांना पोहायला शिकवायला जाता म्हणे!" असं चारचौघांत म्हणून हशा पिकवायचा.

शार्कवर संशोधन करणाऱ्या एका बाईंना काका आपल्या बोटीतून समुद्रात नेत. गळाला लागलेली शार्क बोटीच्या कडेला पाण्यातच धरायची, बाईंनी पाठीवर तिचा माग कळवणारा टॅग बसवला की लगेच सोडायची. माद्या पिल्लं कुठे घालतात ते कळलं, तर तिथली जाळी थांबवता येतील, यासाठी हा सगळा खटाटोप.

एकदा मेहुणा हौसेने बोटीवर आला. त्या दिवशी नेमकी गाभण मादी लागली. टॅग बसला. बाई सामान आवरायला वळल्या, तोच मेहुणा म्हणाला, "दाजी, जरा वर घ्या की! एक फोटो!"

दोघांनी तिला बोटीत ओढलं. काका छाती काढून उभे राहिले. एक फोटो झाला, मग दुसऱ्या बाजूने आणखी एक.

"काका, आधी पाण्यात सोडा तिला!" बाई ओरडल्या.

सोडली, पण ती तिरकी तिरकी पोहत गेली.

शार्क मेली की तो टॅग आपोआप सुटून वर येतो आणि तसा संदेश धाडतो. काही दिवसांनी बाईंचा फोन आला.

"काका, टॅग वर आला."

"आणि पिल्लं?"

बाईंनी फोन ठेवून दिला. चार शिव्या दिल्या असत्या तरी काकांना परवडल्या असत्या.

त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. बायकोने खोदून खोदून विचारलं, पण जीभ रेटेना. हट्ट तिच्या भावाचा, पण हात तर यांचेच होते. धक्क्यावर कुणाशी नजर मिळवणंही जड जाऊ लागलं. शेवटी बाईंकडे जाऊन म्हणाले, "दुसरा कुणीतरी बघा. माझ्या हातून पाप झालंय."

"म्हणूनच तुम्ही हवेत," बाई म्हणाल्या. "आता तुम्हाला सांगावं लागणार नाही."

मेहुणा पुन्हा यायला निघाला, तेव्हा काका एवढंच म्हणाले, "बोट हौसेसाठी नाही."

पुढच्या शार्कचे कल्ले त्यांनी क्षणभरही पाण्याबाहेर येऊ दिले नाहीत. काम होताच ती शेपटी फटकारत सरळ खोल गेली. बाईंनी हसून टाळीसाठी हात पुढे केला. काकांनी आपला ओला हात सदऱ्याला पुसला, पण तो काही पुढे झाला नाही.