कुणी चढू नये म्हणून लावलेली झाडं

रामनगरच्या मोटारीचा कंडक्टर खानापूरला आमच्या दारात आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "अक्का, तुमचा बाळाण्णा गेला." ताप आहे एवढंच कळलं होतं... तापानं माझा थोरला भाऊ जाईल, असं मनातही आलं नव्हतं.

आमचे बाबा जांभळाची फांदी मोडून पडले आणि कंबरेखाली लुळे झाले. ते जाईपर्यंत त्यांचं सगळं अण्णानं केलं. त्यानंतर तो एकच बोलत राहिला, "माझ्या बागेत कुणी झाडावर चढायचं न्हाई." लाकूड वाहणाऱ्या लॉऱ्या दुरुस्त करणारा माणूस तो. कुठल्याशा मासिकात त्यानं झाडाचं खोड धरून हलवणारं परदेशी यंत्र पाहिलं, आणि घरामागच्या जमिनीत पेरूची कलमं अगदी जवळजवळ, सरळ ओळींत लावली. यंत्राच्या चिमट्याला धरता यावं म्हणून कंबरेइतकं खोड मोकळं ठेवलं, दोन ओळींमध्ये गाडीपुरती रुंद वाट सोडली. ती वाट तो रोज ठरल्या वेळी झाडायचा. लोक विचारायचे, "बाळू, ही बाग हाय का कुंपण?" तोही हसायचा. मोडक्या जीपवर त्यानं रबर गुंडाळलेला चिमटा बसवला, खाली ताडपत्री ताणली. पहिलं झाड हललं आणि पेरू धबाधब पडले, तेव्हा वयनी तोंडाला पदर लावून हसत होती. अण्णा मला म्हणाला, "बघ, जमिनीवर उभं राहून!"

पण त्या जड गाडीनं वाटेतली माती दाबून दगडासारखी केली. पावसाळ्यात पाणी जिरेना. चाकोऱ्या तुंबल्या, मुळं कुजली, एकेक ओळ पिवळी पडत गेली. अण्णा भर पावसात एकटाच चर खणत राहिला. अंगात ताप होता. वयनी हात धरून म्हणाली, "पडा की वाईच." त्यानं हात सोडवला. "झाडं उभ्यानं मरत्यात, आन् मी झोपू?" चर पुरा झाला नाही. झाडंही वाचली नाहीत... शेवटी शेवटी तो खाटेवरून, पाणी हटलं का, एवढंच विचारायचा. वयनी "व्हय" म्हणायची.

परवा गेले तर ती वाळक्या ओळींमधली वाट झाडत होती. मी म्हटलं, "वयनी, आता कशाला?" ती थांबली नाही. "त्येंची रोजची झाडायची येळ हाय ही," म्हणाली, आणि पुढच्या ओळीत वळली.