आधी त्यांना वाचून दाखव

डॉ. सुलभा ओव्हाळ यांची आणि माझी पहिली भेट ब्रिटनमधल्या कार्डिफला, तिथल्या विद्यापीठात त्यांच्या पत्रकारिता विभागातल्या एका सेमिनारमध्ये झाली. मी नुकतीच पीएच.डी.साठी आले होते. वर्तमानपत्रांच्या न्यूजरूममध्ये येणारे नवे प्रयोग हा माझा विषय. मी भरभरून बोलले. नंतर मॅडम जवळ आल्या आणि मराठीत म्हणाल्या, “छान बोललीस. आता हे त्या न्यूजरूमला कधी ऐकवणार?” मला वाटले, गंमत करताहेत. पुढे त्याच माझ्या मार्गदर्शक झाल्या.

तो काळच भारलेला होता. छापील पेपरआधी बातमी वेबसाइटवर जाऊ लागली होती, वाचक मोबाइलवर काढलेले फोटो पाठवत होते. मॅडम या बदलांचा अभ्यास बातमीदारांच्या शेजारी खुर्ची टाकून करत. त्यांचा एक नियम होता. प्रकरण लिहून झाले की ज्यांच्याविषयी ते आहे, त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायचे आणि त्यांचे म्हणणे वेगळे असेल तर तेही त्यातच छापायचे. त्याचे कारण त्यांनी एकदा सांगितले. “नागपूरला आमच्या वस्तीवर एकाने प्रबंध लिहिला. आम्हाला पत्ताच नाही. पुढे लायब्ररीत वाचला, तर त्यात माझी आजी ‘अल्पभाषी’. अगं, तिला गप्प करणं कुणाला जमलं नव्हतं.”

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मी नक्की काय शिकते, हे आईला कळत नव्हते. मॅडमनी स्वतः नांदेडला फोन लावला. आईने विचारले, “बाई, पोरगी पेपरात कामाला लागली का?” मॅडम म्हणाल्या, “नाही हो. ती पेपरवाल्यांना प्रश्न विचारते.” आई म्हणाली, “ते तर ती घरीबी करायची.” मॅडम कितीतरी वेळ हसत होत्या.

वेल्समधल्या ज्या दैनिकात मी अभ्यासासाठी बसत होते, त्याने बातम्यांखाली वाचकांना मते लिहायची सोय केली होती. संपादक तिला ‘वाचकांशी संवाद’ म्हणत. पण त्या मतांना एकही बातमीदार उत्तर देत नव्हता, असे मी माझ्या प्रकरणात लिहिले. वाचनाआधी पाठवलेला मसुदा पाहून संपादकांची ईमेल आली : हे प्रकरण काढा, नाहीतर उद्यापासून न्यूजरूममध्ये येऊ नका. माझा सारा प्रबंध त्या एका न्यूजरूमवर उभा होता. रिकाम्या हाताने घरी परतायचे, या विचाराने मी प्रकरण काढायला तयार झाले.

“काढायचं नाही,” मॅडम म्हणाल्या. “वाचायचं.” त्यांनी संपादकांना फोन केला. सगळ्यांसमोर एकदा ऐकून घ्या, मग ठरवा, एवढीच विनंती केली. मग त्यांच्या खोलीत माझ्या वाचनाची तालीम सुरू झाली. “हे ‘पार्टिसिपेटरी पॅराडाइम’सारखं जड बोलणं परत आलं, तर मी चहा करायला उठेन,” असा त्यांनी दम दिला. त्या दुपारी पुष्कळ चहा झाला.

वाचनाच्या दिवशी संपादक हाताची घडी घालून उभे होते. मी उत्तरांच्या मुद्द्यापर्यंत आले, तेव्हा एक जुने बातमीदार त्यांना म्हणाले, “बॉस, उत्तरं देणं आमचं काम आहे, हे तुम्ही कधी सांगितलंत?”

“मला वाटलं, तुम्हालाच ते नको आहे.”

“आणि आम्हाला वाटलं, उत्तरात काही चुकलं तर तुमचे वकील आम्हाला फाडून खातील.”

सगळे हसले, आणि मग खरी चर्चा जुंपली. मी तिथे आहे हे कुणाच्या ध्यानातही उरले नाही. मॅडमनी मला नुसती खूण केली : लिहून घे.

शेवटी संपादक म्हणाले, “चॅप्टर राहू द्या. पण माझं म्हणणंही छापा.”

“आमचा नियमच आहे तो,” मॅडम म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात बातम्यांखाली बातमीदारांची नावानिशी उत्तरे दिसू लागली. एक नवी गोष्ट डोळ्यांदेखत रुजताना मी तिथेच बसून पाहत होते. त्या दिवसांत मला झोपसुद्धा नकोशी वाटे.

प्रबंध मान्य झाला. आता त्याच संपादकांनी मॅडमच्या दुसऱ्या विद्यार्थिनीला बोलावले आहे, आणि पुढचे वाचन कधी, असे तेच विचारतात.

या वर्षी मॅडम साठीच्या झाल्या आणि निवृत्तीची भाषा करू लागल्या. मॅडम, तुम्हाला निरोगी, समृद्ध आयुष्य लाभो. बातमीचे जग अजून रोज बदलते आहे, आम्हाला पुष्कळ दारांतून आत जायचे आहे, आणि त्यांतल्या काही दारांवर पहिली टकटक तुम्हीच करायला हवी.