थंड शिसं

चाचा शिशाचा तुकडा डाव्या तळहातावर घेत, उजव्या अंगठ्याचं नख त्यावर ओढत आणि रेघ उमटली का ते उजेडात धरून पाहत. मग अंगठा बनियनला पुसत. "नखाला ईचार," ते म्हणत. "नख खोटा बोलत नाय."

आखातात, अल थुमामा वस्तीतला तो व्हिला भाग पाडून भाड्याने दिलेला होता. मागच्या अंगणाच्या एका बाजूला माझी खोली, दुसऱ्या बाजूला चाचांचं बिऱ्हाड. घरात ते, सून आणि दोन वर्षांचा नातू. मुलगा दुखानला तेलाच्या कामावर. तो गुरुवारी संध्याकाळी यायचा आणि शनिवारी परत जायचा. चाचा रत्नागिरीकडचे, इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजात टायरचं काम करत. मी इथल्या एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर. दुसऱ्यांनी लिहिलेलं खरं आहे का, हे तपासण्याचा मला पगार मिळतो.

शुक्रवारी गळ घेऊन किनाऱ्याला जाणारे आपले कोकणी लोक तुम्हीही पाहिले असतील. ते हामूर माशावर बोलतात, आमिषावर बोलतात. चाचा बोलत ते दोरीला बांधायच्या वजनावर. दुकानातलं वजन त्यांनी कधी घेतलं नाही. चाकाचा तोल साधायला रिमला शिशाची छोटी वजनं लावतात. त्यातली काढून टाकलेली वजनं ते डब्यातून घरी आणत, अंगणातल्या शेगडीवर लोखंडी भांड्यात वितळवत आणि साच्यात ओतून गळाची वजनं करत.

हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. वडिलांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. रानडुकरं काजूच्या बागेत शिरत, म्हणून ते घरीच गोळ्या ओतत. "बापाच्या गोळीला मऊ शिसा लागायचा," चाचा सांगत. "कथील नावाला. माझा उलटा. मऊ शिसा खडकात चेपतो नि अडकतो. मला पायजे कडक." चाकाच्या वजनांत अँटिमनी असतं, त्याने शिसं कडक होतं. ओतताना साचा नीट भरावा म्हणून ते झाळकामाच्या तारेतलं कथील थोडं घालत. प्रमाण कुठे लिहिलेलं नव्हतं. थंड झालेल्या तुकड्यावर नख उमटलं नाही, की मिश्रण जमलं.

सगळ्यात भीती जस्ताची. नवी वजनं जस्ताची येतात, दिसायला तशीच. एखादं भांड्यात गेलं की दूध नासावं तसं सगळं नासतं. म्हणून चाचा प्रत्येक वजन आधी नखाने पाहत, मग फरशीवर टाकून आवाज ऐकत.

"काय पेपरवाल्या," ते मला विचारत, "तुझ्या पेपरात शिसा किती नि जस्त किती?"

"आमच्याकडे नख चालत नाही, चाचा."

"म्हणून नासतोय."

बाकी ते फार सावध होते. हातमोजे, बूट, चष्मा. पाण्याचा थेंब भांड्यात पडला तर शिसं उसळतं, म्हणून सून कपडे धूत असली की शेगडी बंद. नातवाला तर त्या वेळी अंगणात यायचीच मनाई. तो जाळीच्या दाराला नाक लावून उभा असे. काम संपलं, भांडं निवलं, की चाचा हातमोजे काढत, वरची काळी राख डब्यात झटकत, बनियनला हात पुसत आणि दार उघडत. पोरगा धावत येऊन छातीला बिलगे. चाचांचा उजवा अंगठा तोंडात घालून तो तिथेच झोपी जाई.

एकदा मी म्हटलं, "हात धुवा की."

"अरे, थंड शिसा काय करतोय? गरम असतो तवर भ्यायचा. निवला, खलास."

मी पुन्हा म्हटलं नाही.

त्या हिवाळ्यात पोरगा जेवेनासा झाला. पोट दुखतं म्हणून रडायचा. जे चार शब्द बोलायचा तेही बंद झाले. मुलगा दुखानला, म्हणून मी त्यांना माझ्या गाडीने दवाखान्यात नेलं. रक्ताचा अहवाल आला त्या दिवशीही मीच होतो. डॉक्टर इंग्रजीत बोलत होत्या, मी मराठीत सांगत होतो. रक्तात शिसं निघालं होतं.

पोराच्या डोळ्यांत काही घालता का, असं डॉक्टरांनी विचारलं. सुनेने पर्समधून सुरमेदाणी काढून टेबलावर ठेवली. तिच्या आईने श्रीवर्धनहून पाठवलेली. सुरम्यात पुष्कळदा शिसं असतं, डॉक्टर म्हणाल्या, तो आजच बंद करा. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. घरात कुणी शिशाचं काम करतं का?

मी तो शब्दशः मराठीत सांगितला.

सुनेने सासऱ्याकडे पाहिलं.

"नाय," चाचा म्हणाले.

सुनेने मान खाली घातली. डॉक्टर माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणालो, "नो." खाली उभ्या असलेल्या माझ्या गाडीच्या डिकीत चाचांनी ओतून दिलेली सहा वजनं होती.

ते का खोटं बोलले, यावर मी नंतर विचार केला. भाड्याच्या घरात शिसं वितळवणं, साठीनंतरचा व्हिसा, घरमालक, पोलीस. भीती असणारच. पण मला वाटतं, त्यांना ते खोटं वाटलंच नसावं. निवलेलं शिसं त्यांच्या लेखी निरुपद्रवी होतं. माझ्याकडे तेवढीही सबब नव्हती.

गुरुवारी मुलगा आला. अंगणात सगळं ऐकू येत होतं.

"तुझ्या आईचा सुरमा! पोराला मारायला पाठवला होता काय?"

चाचा बाहेर वजनं निवडत बसले होते. बऱ्याच वेळाने ते आत तोंड करून म्हणाले, "चल, खलास कर आता." एवढंच.

दोन शुक्रवार शेगडी पेटली नाही. तिसऱ्या शुक्रवारी पेटली.

पुढच्या तपासणीत रक्तातल्या शिशाचा आकडा चढलेला होता. थंड शिसं काही करत नाही, हे मुलगाही बापाकडूनच शिकला होता; सून सुरमा चोरून लावते असं त्याने ठरवलं आणि दोघांना श्रीवर्धनला पाठवून दिलं. विमानतळावर मीच सोडलं. पोरगा मागच्या सीटवर स्वतःचा अंगठा चोखत होता.

"दादा," ती म्हणाली, "सुरमा मी त्याच दिवशी बेसिनमध्ये ओतला. तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग झालं," ती म्हणाली आणि ट्रॉली ढकलत आत गेली.

चार महिन्यांनी श्रीवर्धनहून अहवाल आला. सुरम्यावाल्या आजीच्या घरात आकडा निम्म्यावर आला होता. मुलाने तो अंगणात मोठ्याने वाचला आणि म्हणाला, "बघा, जरब बसली म्हणून लावत नसेल." चाचा वजनं निवडत होते. हातातलं वजन त्यांनी डब्यात टाकलं, डब्यावर झाकण लावलं आणि उठून गेले. नंतर तो डबा कधी उघडलेला मी पाहिला नाही. रमजानच्या आधी त्यांनी नोकरी सोडली. वय झाला, असं सगळ्यांना सांगितलं.

त्यांनाही विमानतळावर मीच सोडलं. पासपोर्ट धरलेला उजवा हात माझ्यासमोर होता. अंगठ्याचं नख मुळापर्यंत कापलेलं होतं, कडेला रक्त सुकलेलं.

"मुलाला सांगितलंत?" मी विचारलं.

त्यांनी बॅग रांगेत पुढे सरकवली. मग म्हणाले, "तू सांग. तू पेपरवाला."

याला आता वर्ष होत आलं. सून श्रीवर्धनलाच आहे. तिने पोराची शपथ घेऊन चूक कबूल करावी, मगच परत आणीन, असं मुलगा म्हणतो. ती कबूल करत नाही. पोरगा बोलायला लागलाय, पण वयाच्या मानाने कमी. मुलगा गुरुवारी येतो, माझ्याकडे चहा पितो, बापाची आठवण काढतो. "अब्बांसारखं वजन कुणाला जमणार नाही," म्हणतो. मी मान हलवतो.

ती सहा वजनं अजून डिकीत आहेत. मधे एकदा मी त्यातलं एक काढून नख ओढून पाहिलं. रेघ उमटली नाही. मिश्रण चांगलं जमलेलं आहे. मी वजन परत ठेवलं आणि खोलीत येऊन साबणाने दोनदा हात धुतले.