इटलीच्या वाळूतला लिलाव

दुबईत, देऱ्यातल्या ट्रॅव्हल ऑफिसात बदरुद्दीन इटलीचा किनारा विकायचा. स्वतः कधी गेला नव्हता, पण बोलायला लागला की ऐकणाऱ्याचं खुर्चीत बूड टिकायचं नाही. "डोंगराला चिकटलेली रंगीत घरं, आणि संध्याकाळी होड्या लागल्या की वाळूतच मासळीचा लिलाव!"

अल बर्शाचे वासुदेव सहकुटुंब जाऊन आले ते तणतणतच. "घरं दिसली, बदरुद्दीनभाई. पण रोज संध्याकाळी वाळूत ताटकळलो. लिलाव कुठाय?"

बदरुद्दीनचा चेहरा उतरला. लिलाव हर्णैचा होता, त्याच्या गावचा. बोलण्याच्या भरात तो इटलीत कधी शिरला, त्यालाच कळलं नव्हतं.

"तो आमच्या गावी होतो, साहेब."

"मग यल्ला, चला, तिथलं बुकिंग करा! घरी कोण असतं?"

"अम्मी." तो कीबोर्ड उगाच पुढेमागे सरकवत राहिला. "दर ईदला विचारते, कधी येतोस? मी सांगतो, सध्या इटलीचा सीझन आहे."